सुदामानगरमधला बाळंतिणीचा डबा : एमएस असलेल्या लेकीसाठी घेतला होता

माझ्या लेकीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आहे. यंदा उन्हाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी, इंदुरात आली. पहिले तीन महिने तिचं दोन्ही वेळचं जेवण सुदामानगरमधल्या दोन जावांच्या घरून येत होतं. त्यांच्या दारावर पाटी नाही, जाहिरात नाही. आपल्याकडची मराठी माणसं त्याला नुसतं ‘बाळंतिणीचा डबा’ म्हणतात. चव घरची, वेळ पक्की, माणसं समजूतदार. पण हा आजार ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण या आजारात बाळंतपणानंतरच्या ताटाचा विचार वेगळा करावा लागतो आणि तो करून देणारं कुणी सहसा भेटत नाही.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे लेकीचं निदान झाल्यापासून मिळेल ते वाचत आले. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दुप्पट-तिप्पट होतो. गरोदरपणात मात्र तो बराच शांत राहतो. पोटातलं बाळ निम्मं बापाचं असतं, आईच्या शरीराने त्याला परकं समजून हल्ला करू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती मवाळ होते. वारेतून तयार होणारं एस्ट्रिऑल हे हार्मोन शेवटच्या तिमाहीत सगळ्यात जास्त असतं, आणि या मवाळपणात त्याचा वाटा मानला जातो. बाळ झालं, वार पडली, की ते झरकन खाली येतं.

१९९८ साली युरोपातल्या १२ देशांमधल्या २५४ एमएसग्रस्त बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाआधी वर्षाला सरासरी ०.७ रिलॅप्स (म्हणजे आजार पुन्हा उसळणं), शेवटच्या तिमाहीत ते प्रमाण ०.२ वर आलेलं, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत थेट १.२, सगळे आकडे वर्षाच्या हिशेबाने. म्हणजे आपल्याकडे ज्या काळात बाळंतिणीला खाऊ घालून, शेकून, पांघरूण घालून निजवतात, तोच काळ हिच्यासाठी सगळ्यात नाजूक. त्यातल्या बहुतेक जणींना त्या तीन महिन्यांत रिलॅप्स आला नव्हता, हेही लेकीला मी वाचून दाखवलं होतं. औषध पुन्हा कधी सुरू करायचं ते न्यूरॉलॉजिस्टने सातव्या महिन्यातच ठरवून ठेवलं होतं. माझ्या हातात होतं ते स्वयंपाकघर.

आता वजनाचं. चरबी नुसती साठून राहत नाही, ती हार्मोन सोडते. लेप्टिन हे त्यातलं मुख्य. ते भूक आवरतं, पण दाह वाढवणाऱ्या टी-पेशींनाही (प्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या पेशी) चेतवतं आणि त्यांना लगाम घालणाऱ्या पेशींना मागे ढकलतं. चरबी वाढली की रक्तातलं लेप्टिन वाढतं. ड जीवनसत्त्व चरबीत अडकून बसतं, म्हणून स्थूल माणसाच्या रक्तात ते कमी सापडतं, आणि ड कमी असण्याचा एमएसशी संबंध आहेच. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात २००९ साली दिसलं की अठराव्या वर्षी ज्या मुली स्थूल होत्या त्यांना पुढे एमएस होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. वयात येणाऱ्या मुलींच्या आयांनी हे जरूर लक्षात घ्यावं. माझी लेक तेव्हा सडपातळ होती, तरी तिला झालाच. एका कारणाने होणारा हा आजार नाही. तिचं वजन वाढलं ते नंतर, एका रिलॅप्समध्ये स्टेरॉइडची सलाइन आणि पुढे गोळ्या चालू होत्या तेव्हा. भूक नुसती खवळलेली असायची. आधीच पाय जड पडतात, त्यात किलो चढले की जिना चढणं सोडूनच द्यावंसं वाटतं. म्हणून बाळंतपणात तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही असं आम्ही मायलेकींनी ठरवलं होतं.

पहिला फोन केला तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “काकू, हा आजार मी पहिल्यांदाच ऐकतेय. तुम्ही कागदावर लिहून द्या, आम्ही तसंच करू.” मला हे फार आवडलं. त्याआधी ज्या एका ठिकाणी विचारलं होतं तिथे “आमचा मेनू ठरलेला असतो” एवढंच उत्तर मिळालं होतं. मी पानभर लिहून दिलं, तो कागद त्यांनी ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

त्यांचा नेहमीचा डबा म्हणजे सकाळी दोन डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, जेवणात भातावर तुपाची धार, संध्याकाळी पुन्हा लाडू नाहीतर शिरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने दिवसाला ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि प्रथिनं साधारण १७ ग्रॅम जास्त. त्या ६०० तर लाडू-शिऱ्यातच संपतात, प्रथिनं राहतात बाजूला. म्हणून आमच्या डब्यात लाडू एकच, लिंबाएवढा, खारीक-बदाम भरपूर आणि तूप वळण्यापुरतं. खीर दिवसाआड. उरलेली जागा मुगाच्या वरणाने, मटकीच्या उसळीने, पनीरच्या भुर्जीने भरली. ज्वारीची भाकरी, शेपू, दुधी, लाल भोपळा, लसणाची चटणी रोज काहीतरी असायचंच. शेपू-मूगडाळीची भाजी तर अशी की जावईबापू आले तेव्हा त्यांनीही मागून घेतली.

शेजारच्या बायकांनी मला धारेवर धरलं. “अहो, तूप दिलं नाही तर दूध कुठून येणार?” तूप बंद नव्हतं, मोजून होतं. आणि दूध येतं बाळ ओढतं म्हणून. बाळाला पुरून उरेल इतकं आलं. अंगावर पाजणाऱ्या एमएसग्रस्त आयांना बाळंतपणानंतर रिलॅप्स कमी येतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे पाजण्याबद्दल मी हट्टी होते. पाजताना कोणतं औषध चालतं ते मात्र डॉक्टरांनाच विचारायचं.

मालिशवाली बाईही या जावाच पाठवतात, आणि त्यासाठी त्यांचे वेगळे आभार. आपल्याकडे मालिशनंतर कढत पाण्याची अंघोळ, मग खाटेखाली शेगडी. एमएसमध्ये अंग तापलं की आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाही. नजर धूसर होते, पाय लटपटतात. उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवलं होतं. अंग गार झालं की ते ओसरतं, नवीन इजा होत नाही, पण हातात तान्हं बाळ असताना पाय लटपटून कसं चालेल? एप्रिल-मे मधलं इंदूर, बाहेर चाळिशीच्या वर पारा. मी सांगितल्यावर मालिशवाल्या मावशींनी शेगडी लावलीच नाही. कोमट पाणी, कूलर चालू, मालिश सकाळी लवकर. “जच्चाला शेक नाही म्हणजे काय” असं एकदा म्हणाल्या, पण कारण समजावल्यावर पुन्हा विषय काढला नाही.

उणिवाही सांगते. धाकट्या जाऊबाईंचा हात मिठाला सढळ आहे. दोनदा सांगावं लागलं. ताकाच्या डब्याचं झाकण सैल, पिशवी ओली येते. रविवारी संध्याकाळी डबा नसतो. राजेंद्रनगर, अन्नपूर्णा भागात पोचवतात, विजयनगरला नाही. साध्या डब्याच्या साधारण दीडपट पैसे पडतात, आणि बदल करून घेतल्याचे वेगळे घेतले नाहीत.

तीन महिन्यांत लेकीला रिलॅप्स आला नाही. याचं श्रेय मी डब्याला देणार नाही, वजन राखलं की आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. पण तिचं वजन हळूहळू उतरतंय, बाळाला कडेवर घेऊन ती जिना चढते, आणि ड जीवनसत्त्वाची गोळी चालू आहे.

घ्यायचा असेल तर सातव्या महिन्यातच सांगून ठेवा, लग्नसराईत त्या नवीन बाळंतीण घेत नाहीत. डॉक्टरांचा कागद आणि चालू गोळ्यांची यादी पहिल्याच दिवशी द्या. मिठाचंही तेव्हाच सांगा.