मेटल डिटेक्टर घेताय? डेमोत अंगठा कुठे जातो ते बघा

मेटल डिटेक्टर विकणारा एक माणूस सध्या नागपुरात फिरून राहिला आहे. दुकान नाही, बोर्ड नाही. फेसबुकवर व्हिडिओ, त्याखाली व्हॉट्सअॅप नंबर, आणि भेटायला बर्डीतली एखादी चहाची टपरी. नंबर तो बदलत राहतो, त्यामुळे इथे देऊन उपयोग नाही. पद्धत मात्र तीच आहे, म्हणून ती नीट सांगतो.

मला मशीन हवं होतं ते वावरासाठी. काटोलकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे. बाबांनी फार पूर्वी टाकलेली लोखंडी मेनलाइन आणि तिचे व्हॉल्व्ह आता मातीखाली गेलेत. कुठून कुठे लाइन जाते ते फक्त बाबांना माहीत होतं, आणि बाबा आता नाहीत. पाणी फुटलं की सब्बल घेऊन अंदाजाने खोदायचं, असं चाललं होतं. शिवाय थोडी हौसही होती, ती काही लपवत नाही.

त्या माणसाने हिंगणा रोडच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर डेमो दिला. जागा त्याने निवडली, मशीन त्याच्याच हातात. पाच-दहा पावलं चालला, मशीन वाजलं, टोकरलं तर पितळेची अंगठी निघाली. "पहा भाऊ, जमीन बोलून राहिली!" मग मी खिशातलं एक रुपयाचं नाणं टाकलं. मशीन वाजलं आणि पडद्यावर अक्षरं आली: गोल्ड. रुपयाचं नाणं पोलादाचं असतं, चुंबकाला टपकन चिकटतं. हे मी बोलून दाखवलं तर म्हणे सेटिंग नंतर करून देतो, डेमोत सगळे धातू चालू ठेवतो. बोलायला एकदम गोड माणूस. पाच हजार यूपीआयने, साडेतेरा हजार रोख, आणि बिल "मागून व्हॉट्सअॅपवर" पाठवतो म्हणाला. ते अजून यायचंच आहे.

वावरात नेलं तर डोळ्यांना दिसणाऱ्या पाइपावर मशीन धरलं तरच वाजायचं. वर दोन बोटं माती टाकली की गप्प. आणि पडदा? काहीही धरा, एक तर गोल्ड नाही तर सिल्व्हर, तिसरं काही नाही.

डेमोच्या वेळी माझ्या भाच्याने मोबाइलवर शूटिंग केलं होतं. घरी ते हळू करून पाहिलं तेव्हा सगळा खेळ कळला. मुठीच्या खालच्या बाजूला एक बटण आहे. मशीन वाजण्याच्या अगदी आधी, दर वेळी, त्याचा अंगठा तिथे जातो. अंगठी निघाली त्या जागेची माती बाजूच्या मातीपेक्षा गडद दिसते, म्हणजे नुकतीच उकरून बुजवलेली. आणि जिथे तो थांबला तिथे थांबायच्या आधी मशीन वाजलंच नव्हतं. आधी पाय थांबले, मग आवाज आला.

मग मी खालची कॉइल, म्हणजे जमिनीवर फिरवतात ती चकती, उघडली. हौशी लोक वापरतात त्या चांगल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा तारेची दोन वेटोळी असतात. एक जमिनीत चुंबकीय लहर सोडतं, त्या लहरीने पुरलेल्या धातूत विजेचे भोवरे उठतात, त्यांची उलटी लहर दुसरं वेटोळं पकडतं. ती लहर किती मागे पडली यावरून मशीन आकडा दाखवतं. वेटोळी हलू नयेत म्हणून आत घट्ट रेझिन भरलेलं असतं. माझ्या मशीनमध्ये तारेचं एकच वेटोळं होतं, गरम गोंदाने चिकटवलेलं, आणि बाकी पोकळ. खेळण्यातल्या मशीनचं सर्किट मोठ्या डब्यात बसवून दिलेलं.

नवख्या माणसाला हे विकणारे हमखास सांगतात ते म्हणजे "फक्त सोन्यालाच वाजते." असं मशीन नाही. मशीनला धातूचं नाव कळत नाही, वीज त्यातून किती सहज वाहते आणि तो लोखंडासारखा वागतो का, एवढंच कळतं. बारीक सोन्याच्या अंगठीचा आणि चुरगळलेल्या अॅल्युमिनियमच्या फॉइलचा आकडा एकाच घरात येऊ शकतो. दुसरी थाप खोलीची. नाण्याएवढी वस्तू हौशी मशीनला साधारण सहा ते दहा इंचांपर्यंत मिळते. मोठी वस्तू आणखी खाली मिळते, पण "तीस फुटांवरचा हंडा" ही नुसती जाहिरात. त्यात आपली काळी माती. काटोल-कळमेश्वरकडची जमीन बेसॉल्ट खडकाची आहे, तिच्यात लोहखनिजाचे कण असतात, म्हणून मातीच मशीनला सिग्नल देते. तो सिग्नल दाबायला ग्राउंड बॅलन्स लागतो. माझ्या मशीनवर त्या नावाची कळ होती. फिरवली की फिरायची, एवढंच.

फोन केला तर गड्याने हेच कारण उलटं फिरवलं. "तुमची माती काळी आहे ना भाऊ, तिला लाँग रेंज लागते." म्हणजे लांबूनच धन दाखवतं म्हणून विकतात ते मशीन. आणि खरा धंदा इथे सुरू झाला. भाव एक लाख चाळीस हजार.

आमच्या काकाजींना नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात भोसल्यांच्या काळचं काही आहे असं लहानपणापासून वाटतं. हे त्याला माझ्याच बोलण्यातून कळलं होतं. त्याने मला सोडून थेट काकाजींना धरलं. घरी आला तो एक पेटी घेऊन: मूठ, तिच्यावर सैल फिरणारी दोन पितळी सळ्या, आणि लाल दिवा लागणारा डबा. अंगणात काकूंची पाटली पाटावर ठेवली, सगळ्यांसमोर. सळ्या गर्रकन पाटलीकडे वळल्या. काकाजी खूश.

मी म्हटलं, आता टोपल्यांखाली ठेवू. पाच टोपल्या उपड्या घातल्या. आम्ही सगळे, तोसुद्धा, फाटकाबाहेर गेलो. वहिनीने एकटीने पाटली एका टोपलीखाली ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली, म्हणजे अंगणात कुणाच्या चेहऱ्यावरून काही वाचायला नको. सळ्या फिरल्या, डुलल्या, एका टोपलीवर थांबल्या. खाली रिकामं. पुन्हा केलं, पुन्हा रिकामं. मग तो म्हणाला की ताजं सोनं ही मशीन पकडत नाही, जमिनीत खूप वर्षं मुरलेलं सोनंच पकडते. थोड्या वेळापूर्वी पाटावर पकडलं ते मुरलेलं होतं का, असं काकूंनी विचारलं. त्यावर उत्तर नव्हतं.

सैल सळी मनगट जरासं कललं की वळते, आणि कलतंय हे धरणाऱ्यालाही कळत नाही. जगात यावर मोठमोठी सरकारं फसली आहेत. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्रजाने एडीई ६५१ नावाची अशीच सळीवाली मूठ बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून इराकला विकली. तिच्यात घालायच्या कार्डात निघालं काय, तर दुकानातल्या मालाला चोरी होऊ नये म्हणून लावतात तसली चिपटी. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. चेकनाक्यांवर माणसं ती मूठ धरून उभी होती, त्यामानाने आमच्या अंगणात पाटली होती हे बरंच म्हणायचं.

काकाजी तरी डळमळत होते, कारण जाता जाता त्याने जुनापाणीचं नाव काढलं. "काटोल रोडवर दगडांची वर्तुळं आहेत ना, तिथं नेऊन सोनं दाखवतो." जुनापाणीची वर्तुळं महापाषाणकालीन, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे खोदणं हा सरळ गुन्हा. शिवाय १८७९ मध्ये रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदलं तेव्हा हाती लागल्या त्या कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याच्या लगामाच्या कड्या, म्हणजे मुख्यतः लोखंड. हे काकाजींना वाचून दाखवलं, तेव्हा कुठे ते थंड झाले.

मी पैसे परत मागितले तेव्हा आवाज बदलला. "पोलिसात जाता? गुप्तधन शोधायला मशीन घेतली म्हणून तुम्हीच आत जाल." बरेच लोक इथेच गप्प बसतात, त्याला ते पक्कं माहीत आहे. खरं काय ते सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित जागी खोदता येत नाही. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. आपल्या वावरातला व्हॉल्व्ह शोधणं यातल्या कशातही बसत नाही, आणि खोटं मशीन विकणं ही फसवणूकच आहे.

मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, ऑनलाइन तक्रार नोंदवली. यूपीआयच्या पाच हजारांचा माग लागतो, कारण त्याची नोंद आहे. खातं भलत्याच नावावर निघालं. रोख दिलेल्या साडेतेरा हजारांची माझ्याकडे काहीच नोंद नाही, फक्त भाच्याचं शूटिंग आहे, तेही जोडलं.

पुढचं मशीन मी पक्कं बिल घेऊन, माझ्याच वावरात तपासून घेतलं. पाच रुपयांचं पिवळं नाणं चार बोटं खोल पुरलं, शेजारी खिळा पुरला, दुकानदाराला बांधावर बसवलं आणि मशीन स्वतः फिरवलं. दोन्हींचे आकडे वेगळे आले. तो बिचारा निवांत बसून होता. डेमो तुमच्या जमिनीवर, तुमच्या हातात द्यायला जो तयार नसेल, त्याचा चहा पिऊन उठा, पैसे काढू नका. आणि याच माणसाकडून आधीच घेतलं असेल तर मशीन फेकू नका, कॉइल उघडायच्या आधी फोटो काढा आणि १९३० वर आपली वेगळी तक्रार करा.