ओलीच्या खोलीतील व्हेनियरची कपाटे: आत बोर्ड कोणता घ्यावा?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की, ओलीची चिंता कोकणातल्या माणसाने करावी, असे घराचे काम काढताना वाटते. परंतु नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने मोरीत आणि ओट्याशेजारी पिंपे भरून ठेवावी लागतात. पाणी भरताना ते सांडते, जमिनीवर पसरते आणि कपाटाच्या खालच्या कडेतून आत चढते. म्हणून इथे हवेतल्या दमटपणापेक्षा प्रत्यक्ष लागणाऱ्या पाण्याचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

व्हेनियर म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा लाकडी पापुद्रा. त्याखालचा बोर्ड फुगला की कितीही चांगले पॉलिश केलेले असो, पापुद्रा कडेने उचलला जातो आणि मग दुरुस्ती होत नाही, शटरच, म्हणजे कपाटाचे दारच, बदलावे लागते.

साध्या एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या बोर्डाचा, पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत असतो, त्यामुळे व्हेनियर त्यावर सुरेख बसते. पण कापलेल्या कडेला पाणी लागले की तंतू सुटून कड जाड होते आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर परत येत नाही. लाकडाच्या कपच्या दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचा तर विचारच करू नये. एचडीएचएमआर हा अधिक घनतेचा, ओल सोसणारा बोर्ड एमडीएफइतकाच सपाट असून कितीतरी टिकाऊ आहे, तरीही तो दमटपणा सोसतो, साचलेले पाणी नव्हे, हा फरक दुकानात क्वचितच सांगितला जातो.

प्लायवुडमध्ये आयएस (भारतीय मानक) 303 चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा, आणि आयएस 710 चा मरीन, असे दोन पर्याय समोर येतात. मरीन प्लायमधील फिनॉलिक डिंकाची कसोटी 72 तास उकळत्या पाण्यात घेतली जाते, आणि मोरीलगतच्या सांगाड्यासाठी जास्तीचे पैसे मोजून मी तोच घेईन. मात्र नुसता ‘मरीन’ हा शब्द पाहून विश्वास ठेवू नये. आयएसआयच्या खुणेसोबत 710 हा आकडा आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक बोर्डावर छापलेला असावा. त्याचबरोबर कापलेली कड निरखून पाहावी: थरांमध्ये पोकळ्या दिसल्या, तर तिथे स्क्रू धरत नाही आणि वरचा पृष्ठभागही पुढे खचू शकतो.

डब्ल्यूपीसीला, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या बोर्डाला, पाण्याचे भय नाही. परंतु त्यावर पांढरा फेविकॉल नीट धरत नाही आणि उन्हाळ्यात तो लाकडापेक्षा वेगळ्या मापाने प्रसरण पावतो, म्हणून व्हेनियरखाली तो मला योग्य वाटत नाही. सिंकखालच्या, नजरेआड असलेल्या फळ्यांसाठी तो अवश्य वापरावा.

तेव्हा सांगाडा मरीन प्लायचा आणि जमिनीपासून उंच असलेली कोरडी शटर एचडीएचएमआरची, ही विभागणी मला सर्वांत पटते. शटरच्या मागच्या बाजूसही समोरच्याइतक्याच जाडीचे व्हेनियर लावून घ्यावे, कारण एकाच बाजूला ते असेल तर इथल्या उन्हाळ्यात शटर हमखास वाकते. सांगाडा चार इंच उंच शहाबादी फरशीच्या किंवा कडप्प्याच्या पट्टीवर ठेवावा, आणि मिस्त्रींना खालची, फरशीकडे तोंड असलेली कडही पॉलिशने बंद करायला सांगावे. ती दिसत नाही म्हणून बहुतेक वेळा कोरीच राहते.