पायलट स्पोर्ट की डीडब्ल्यूएस? चपळ गाडीसाठी ऑल सीझन टायर निवडताना

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक जण आधी ब्रँड विचारतात. मी आधी वेगळंच विचारतो: हवा कितीही वाईट असली तरी गाडी बाहेर काढावीच लागते, असा वर्षातला सगळ्यात वाईट दिवस कोणता? त्या दिवशी रस्ता नुसता ओला असतो, गारठलेला असतो की बर्फाने झाकलेला, हे कळलं की निम्मी निवड तिथेच होते.

मुळात ऑल सीझन हवेत का, इथूनच सुरुवात करू. उन्हाळी परफॉर्मन्स टायरच्या रबरावर उबदार दिवशी नख दाबून पाहा, किंचित रुततं. कडाक्याच्या थंडीत तोच टायर प्लास्टिकसारखा टणक लागतो. साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली हे रबर कडक पडू लागतं आणि रस्ता कोरडा ठणठणीत असला तरी पकड कमी होते. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली असे टायर चालवले तर रबराला भेगाही जाऊ शकतात. ऑल सीझनचं रबर थंडीत लवचीक राहतं, पण त्याबदल्यात तापलेल्या रस्त्यावरची थोडी पकड सोडावी लागते. म्हणून तुमच्याकडे पारा क्वचितच 7 च्या खाली जात असेल, तर सरळ उन्हाळी टायर घ्या. पावसासाठी म्हणून ऑल सीझन घ्यायची गरज नाही. चांगला उन्हाळी टायर उबदार पावसात उत्तमच थांबतो.

थंडी खरी असेल, तर चपळ गाड्यांच्या वर्गात माझ्या मते तुलना मुख्यतः दोघांची: मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन 4 आणि कॉन्टिनेन्टलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस06 प्लस.

मिशेलिन हा स्वभावाने उन्हाळी टायरच्या जवळचा. स्टिअरिंग जरा वळवलं की गाडीचं नाक लगेच वळतं, कोरड्यात आणि ओल्यात ब्रेक जोरदार लागतो. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवण्यात ज्याला मनापासून आनंद आहे, त्याने दुसरीकडे बघू नये. कॉन्टिनेन्टल थोडा मऊ वागतो. त्याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, खड्डे जास्त पचवते, स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित सैल वाटतो, पण रोजच्या लांब प्रवासात अंग कमी आंबतं आणि हलक्या बर्फात तो भरवशाचा आहे.

कॉन्टिनेन्टलची एक गोष्ट मला फार आवडते. टायरच्या नक्षीतच डी, डब्ल्यू आणि एस ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात: कोरडं, ओलं आणि बर्फ. रबर झिजत गेलं की आधी एस पुसला जातो, म्हणजे या टायरवर आता बर्फात जाऊ नका. मग डब्ल्यू जातो, म्हणजे ओल्या रस्त्यावर त्याचा भरवसा संपला. खाचांची खोली मोजणारं साधन कुणी जवळ बाळगत नाही, पण वाकून तीन अक्षरं कुणीही बघू शकतं. खोलीची कायदेशीर मर्यादा बऱ्याच देशांत 1.6 मिलिमीटर आहे, पण पाणी बाहेर फेकायची ताकद त्याच्या कितीतरी आधीच ओसरते. टायर गोटा व्हायची वाट बघू नका. मी स्वतः 3 मिलिमीटरला बदलतो.

आता बर्फाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण फसगत इथेच होते. साइडवॉलवर एम प्लस एस (इंग्रजीत मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं की लोक निश्चिंत होतात. पण ती खूण फक्त नक्षीच्या रचनेवर मिळते, त्यासाठी बर्फात चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण मात्र बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. वरच्या दोन्ही टायरांवर ती नाही. वर्षातून दोनचार वेळा भुरभुर होते आणि दुपारपर्यंत रस्ता मोकळा होतो, एवढंच असेल तर दोन्ही चालतील. बर्फ आठवडाभर साचून राहत असेल, तर मिशेलिनचाच क्रॉसक्लायमेट 2 बघा. त्याच्यावर ती खूण आहे. व्ही आकाराची खोल नक्षी बर्फात घट्ट धरते, पण वळणावर पायलट स्पोर्टसारखी चपळाई जाणवत नाही. आणि रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरत असेल, तर या तिघांचाही विचार सोडा. तिथे हिवाळी टायरच हवेत.

टिकाऊपणाच्या आकड्यांवर फार भाळू नये. अमेरिकी पद्धतीतला ट्रेडवेअरचा, म्हणजे झीज सोसण्याचा, आकडा (मोठा तेवढा टिकाऊ) पायलट स्पोर्टचा 540, डीडब्ल्यूएसचा 560 आणि क्रॉसक्लायमेटचा 640 आहे. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फारसं काही कळत नाही. पहिल्या दोघांतला फरक मी तर विचारातच घेणार नाही. चाकांचं चुकलेलं अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत नसणं) आणि कमी हवा यांनी त्याहून कितीतरी जास्त रबर खाल्लं जातं. थंडीत हवा तर आपोआपच उतरते. तापमान साधारण साडेपाच अंशांनी घटलं की दाब सुमारे 1 पीएसआयने कमी होतो.

माप गाडीच्या दारावरच्या पट्टीवर बघा. 225/45 आर17 94डब्ल्यू असं लिहिलं असेल, तर 94 म्हणजे एका टायरने पेलायचं वजन 670 किलो आणि डब्ल्यू म्हणजे ताशी 270 किमीपर्यंतची वेगमर्यादा. एवढ्या वेगाने कधीच जाणार नसलात तरी वजनाच्या आकड्याखाली उतरू नका. साइडवॉलवरचे चार अंकही वाचा: 2324 म्हणजे 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला.

शक्यतो चारही टायर एकत्र बदला. दोनच घेणं भाग असेल, तर इंजिन पुढची चाकं ओढत असलं तरी नवे टायर मागे लावा. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं पडतं, ते हाताला कळतं आणि पाय उचलून गाडी सावरता येते. मागची सुटली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते.