दात दाखवायला गेले, मॅडमनी आधी गोळ्यांचं पाकीट मागितलं

पाच स्टार देतेय आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण इथं यायच्या आधी दीड वर्ष मी एकाही डेंटिस्टची पायरी चढले नव्हते. आधीच्या एका ठिकाणी (नाव नाही घेत) तोंड उघडं असतानाच ऐकून घ्यावं लागलं, "शिकलेल्या दिसता, दात घासत नाही का?" तेव्हा माझं डिप्रेशन एवढं वाढलेलं की अंघोळसुद्धा दोन-दोन दिवस व्हायची नाही, ब्रश हातात घेऊन बेसिनपुढं उभी राहायचे आणि तसाच परत ठेवायचे. तिथून रडत घरी आले ती परत गेलेच नाही.

सांगलीतल्या या दवाखान्यात बहिणीनं ओढत आणलं. मॅडमनी खुर्चीत बसवलं पण तोंड उघडा म्हणाल्या नाहीत, आधी विचारलं झोप लागते का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. मनाच्या गोळ्यांचं दातांच्या डॉक्टरला कशाला सांगायचं असं वाटलं, तरी पर्समधलं पाकीट काढून दिलं, अमिट्रिप्टिलिन, रात्रीची एक. बघून म्हणाल्या, "तोंड कोरडं पडतं ना? रात्री पाण्याला उठावं लागतं?" भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय घास गिळवत नव्हता, हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग कोरडं पडलं की काय करता म्हणून विचारलं. लिमलेट चघळते म्हटलं, दिवसाला सात-आठ. तिथंच उलगडा झाला. दातांवरचं अ‍ॅसिड लाळ धुऊन काढते, ती औषधानं कमी झालेली, वर दिवसभर तोंडात साखर, त्यात ब्रश नाही. आरसा हातात देऊन दाखवलं, खालच्या पुढच्या दातांना हिरडीलगत तपकिरी रेघ. हे दात लाळेत असतात म्हणून सहसा किडत नाहीत, तेच किडले म्हणजे लाळ कमी पडतेय. "आळशीपणा नाही हो हा तुमचा," एवढंच म्हणाल्या आणि मला तिथंच रडू आलं, त्या थांबल्या, घाई केली नाही.

गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही हे दोनदा बजावलं आणि माझ्या सायकियाट्रिस्टना चिठ्ठी लिहून दिली, डोस कमी करायचा का औषध बदलायचं ते त्यांनी ठरवायचं. लिमलेट बंद, त्याऐवजी शुगरफ्री च्युइंगगम आणि घोट घोट पाणी, फ्लोराइडवाली पेस्ट, रात्री ब्रश झाला की नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. आणि ज्या दिवशी उठवतच नाही त्या दिवशी गादीवर बसून ब्रश फिरवा, पेस्ट नसली तरी चालेल. मला हेच सगळ्यात उपयोगी पडलं. उशाशी स्टीलच्या पेल्यात एक ब्रश असतो आता, वाईट दिवशी पण एकदा तरी होतंच.

एक रूट कॅनल आणि चार फिलिंग झाली, दर वेळी किती होणार ते आधी सांगितलं, पैसे दोन हप्त्यांत घेतले. दुखलं तर डावा हात वर करा म्हणाल्या होत्या आणि हात वर केला की मशीन खरंच थांबायचं.

तक्रार एकच, संध्याकाळी अपॉइंटमेंट असूनही पाऊण तास बसावं लागतं, आणि दुसरा मजला, लिफ्ट नाही. वयस्कर माणसांना न्यायचं असेल तर सकाळची वेळ घ्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, झोपेची असली तरी.