‘टू मायक्रॉन इम्पोर्टेड’ डिझेल फिल्टरच्या नावाखाली मला काय विकलं

बेळगावची भाजी चोर्ला घाटातून म्हापशाला आणणारी माझी डिझेल पिकअप आहे. तिला ‘इम्पोर्टेड टू मायक्रॉन फिल्टर किट’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसवतो म्हणून एका गॅरेजवाल्याने १४,८०० रुपये घेतले. पुढे त्याच किटपायी इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या, कामाला आणखी ४१,००० गेले. तक्रार चालू आहे, त्यामुळे गॅरेजचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र लिहितो, ती कुठेही वापरता येण्यासारखी आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर सर्व्हिसिंगला गाडी लावली होती. त्याने फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल केला, प्लास्टिकच्या बाटलीत थोडं डिझेल काढलं आणि बाटली उन्हात धरली. तळाला बोटभर पाणी, त्यात काळपट गाळ. “बघा भाऊ, हे तुमच्या इंजेक्टरात जातंय.” बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच. खरं तर पाणी डिझेलपेक्षा जड असतं, ते खाली बसावं आणि तिथेच अडकावं म्हणूनच फिल्टरला तळ दिलेला असतो. बाटलीत आलेलं पाणी इंजेक्टरात गेलेलं नव्हतं. जुना फिल्टर नीट काम करत होता, त्याचाच तो पुरावा होता. वर त्याने इथेनॉलची भीतीही घातली. वीस टक्के इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, पंपावरच्या डिझेलचा त्याच्याशी संबंध नाही.

मग मायक्रॉनचा आकडा. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच ‘रेल’ नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब सोळाशे बारच्या पुढे जातो, त्यामुळे बारीक कणांनीही इंजेक्टर झिजतात हे खरं आहे. पण अशा बऱ्याच गाड्यांचा कंपनीचा फिल्टर मुळातच पाचेक मायक्रॉनचा असतो. शिवाय नुसत्या ‘दोन मायक्रॉन’ला अर्थ नाही. त्या आकाराचे शंभरातले किती कण अडतात, हे सांगितलं तरच आकडा बोलतो. निम्मे अडवणाराही ‘टू मायक्रॉन’ आणि जवळपास सगळे अडवणाराही ‘टू मायक्रॉन’. तिसरी गोष्ट जागेची. माझ्या गाडीत पंप फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूला जास्त बारीक कागद लावला की चढावर, लोड असताना, पंपाला पुरेसं डिझेल मिळत नाही. म्हणून जादा फिल्टर लावायचाच असेल तर टाकी आणि मूळ फिल्टरच्या मध्ये तीसेक मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा लावतात आणि मूळ फिल्टरला हात लावत नाहीत. ह्याने मूळचाच काढला. “भंगार आहे, राहू दे इथेच” म्हणत हातपंपासकट हाउसिंग, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो तो भाग, ठेवून घेतलं. त्या हाउसिंगला बाजारात चांगली किंमत आहे.

केरी सोडून घाट चढायला लागलं की गाडी दम टाकायची आणि चेक लाइट लागायचा. स्कॅनरवर पी ००८७ हा एरर कोड, म्हणजे रेलमधला दाब कमी. गॅरेजवाला म्हणायचा, “नवीन आहे, सेट होईल.” फिल्टरला सेट व्हायचं काय असतं, हे त्यालाच ठाऊक. पाऊस सुरू झाल्यावर इंजिन खडखडायला लागलं, सकाळी पांढरा धूर, आणि एक दिवस जांबोटीच्या अलीकडे गाडी बंदच पडली.

बेळगावच्या मेकॅनिकने किट उघडलं. चकचकीत ॲल्युमिनियमच्या टोपीखाली साधा ट्रॅक्टरचा फिल्टर होता. वरचं परदेशी स्टिकर नखाने निघालं, खाली देशी पार्ट नंबर. खालचा पाणी साठायचा बाऊल काठोकाठ भरलेला. मग फिल्टरमध्ये पाणी साठलं की लागणारा डॅशबोर्डवरचा दिवा का लागला नाही? खरी लबाडी इथे आहे. नव्या बाऊलमध्ये पाणी ओळखणाऱ्या सेन्सरसारखं दिसणारं काहीतरी होतं, त्याची वायर टेप गुंडाळून हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, आत सोडून दिलेली. गाडीच्या मूळ कनेक्टरमध्ये एक छोटा रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा बारीक पार्ट) खुपसलेला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटावं की सेन्सर आहे आणि कोरडा आहे. चावी फिरवली की दिवा नेहमीसारखा क्षणभर लागून विझायचा, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. पाणी बाऊल भरून थेट पुढे गेलं आणि दोन इंजेक्टर गंजले.

सेन्सर खरा आहे का हे बघायला फार काही लागत नाही. तो बाऊलमधून काढायचा, वायर जोडलेली ठेवायची, चावी ऑन करून टोक पेलाभर पाण्यात बुडवायचं. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात दिवा लागतो. कुठल्याही गॅरेजमध्ये फिल्टरचं काम झालं की पैसे देण्याआधी हे समोर करून घ्या, आणि काढलेला पार्ट गाडीत टाकून घरी आणा.

खोकंही बघा. बाहेरून आणलेल्या पॅकबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर फक्त एक झेंडा आणि मोठ्या अक्षरांत ‘टू मायक्रॉन’ होतं. पक्कं बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ‘फिल्टर काम १४,८००’ असं लिहून मिळालं. पैसे यूपीआयने दिले होते, ते आता उपयोगी पडताहेत. ते कार्ड, रेझिस्टरसकट कनेक्टरचे फोटो, सोललेलं स्टिकर आणि बेळगावच्या मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट एकत्र ठेवला आहे.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार केला आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील केलाच पाहिजे असंही नाही. हेल्पलाइनवरून फोन गेल्यावर गॅरेजवाल्याचा सूर बदलला. किटचे पैसे रोख परत देतो म्हणतो, पण इंजेक्टरचं नाव काढत नाही आणि हाउसिंग “कुठे गेलं बघावं लागेल.” जे काय देणार ते कागदावर लिहून दे, असं मी कळवलं आहे. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.