थीसिससाठी कुठला परजीवी घ्यावा: जिआर्डिया, क्रिप्टो की ब्लास्टोसिस्टिस?

व्हेटर्नरी किंवा मायक्रोबायोलॉजी करणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न नेहमी येतो, की जनावरांच्या आतड्यातले परजीवी माणसांत येतात का यावर डीएनएचं काम करायचंय, पण जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) आणि ब्लास्टोसिस्टिस या तिघांपैकी घ्यायचा कुठला. बऱ्याच जणांना वाटतं की काही फरक पडत नाही, सॅम्पल आणायचं, पीसीआर करायचा (म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर कॉप्या काढायच्या), सिक्वेन्सिंगला म्हणजे त्यातली अक्षरं वाचायला पाठवायचं, झालं. तसं नाहीये. आधी तुमचा प्रश्न नक्की काय आहे ते ठरवा, कारण प्रत्येकाचा डीएनए वेगळ्या प्रश्नाला उत्तर देतो.

जिआर्डियापासून सुरू करते कारण तो मिळतो भरपूर, लहान मुलांत, कुत्र्यांत, वासरांत, शेळ्यांत सगळीकडे. मायक्रोस्कोपखाली सगळे सारखे दिसतात पण आतून ए ते एच असे आठ गट आहेत, त्यांना असेम्ब्लेज म्हणतात. सी आणि डी कुत्र्यांचे, ई गुरं-शेळ्या-मेंढ्या-डुकरांचा, एफ मांजरांचा, जी उंदरांचा, एच सीलचा, आणि माणसांत मुख्यतः ए आणि बी, जे इतर प्राण्यांतही सापडतात. म्हणजे घरातल्या कुत्र्यात सी निघाला आणि मुलात बी, तर निदान ते मूल कुत्र्यामुळे आजारी पडलं असं म्हणता येत नाही, आणि माझ्या मते हे एवढं सांगता येणंसुद्धा मोलाचं आहे कारण लोक उगाच कुत्र्याला घराबाहेर काढतात. ई पण माणसांत अधूनमधून सापडलाय, इजिप्त आणि ऑस्ट्रेलियातून तसे रिपोर्ट आहेत, त्यामुळे गोठ्यात काम करणाऱ्यांचं सॅम्पल घेतलं तर बघण्यासारखं काहीतरी आहे.

पण जिआर्डियाची डोकेदुखी पुढे सुरू होते. एका पेशीत दोन केंद्रकं, दोन्हीत गुणसूत्रांचे दोन-दोन संच, म्हणजे एकाच जीनच्या चार कॉप्या, आणि असेम्ब्लेज बी मध्ये या कॉप्या एकमेकींशी जुळत नाहीत. सिक्वेन्स उघडला की एका जागी दोन पीक (आलेखातले उंचवटे) दिसतात आणि मग कळत नाही की पेशंटला दोन वेगळे प्रकार एकदम झालेत की एकाच पेशीतला हा फरक आहे. शिवाय एकाच सॅम्पलमध्ये टीपीआय नावाचा जीन म्हणतो ए, बीटा-जिआर्डिन हा दुसरा जीन म्हणतो बी, असंही होतं. १८एस हा जीन बऱ्याच कॉप्यांत असतो म्हणून लगेच चालतो, पण तो असेम्ब्लेजपुरताच, बारीक फरक सांगत नाही, आणि जे सांगतात ते टीपीआय, जीडीएच वगैरे जीन बऱ्याच सॅम्पलमध्ये पीसीआरला लागतच नाहीत.

क्रिप्टोस्पोरिडियममध्ये उलटं आहे. पॉझिटिव्ह कमी मिळतील, पण जे मिळेल ते स्पष्ट बोलतं. विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या उसिस्टमधल्या (कवचातल्या) पेशी, म्हणजे स्पोरोझोइट्स, हॅप्लॉइड, गुणसूत्रांचा एकच संच, म्हणजे वरच्यासारखा गोंधळ नाही, दोन पीक आले तर बहुतेक खरंच मिश्र संसर्ग. आधी १८एसवर स्पीशीज बघायची, मग जीपी६० या जीनवर सबटाइप, म्हणजे स्पीशीजच्या आतला उपप्रकार. नावं बघून घाबरू नका, आयआयए ए१५जी२आर१ म्हणजे आयआयए कुटुंब, टीसीए हा तुकडा १५ वेळा, टीसीजी २ वेळा, एसीएटीसीए १ वेळा, नुसती मोजणी आहे. आयआयए वासरांत जास्त, आयआयडी कोकरं-करडांत आणि काही देशांत वासरांतही, हे दोन्ही माणसांत येतात, आणि आयआयसी मात्र जवळपास माणसापुरताच. ही आयआय कुटुंबं पार्व्हम या स्पीशीजची, आणि होमिनिस ही मुख्यतः माणसांतली दुसरी स्पीशीज; पार्व्हम आणि होमिनिस २००२ पर्यंत एकच स्पीशीज धरायचे हे आज खरं वाटत नाही.

या फरकाचं वजन कळायला अमेरिकेतलं मिलवॉकी आठवा. १९९३ मध्ये नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, संशयितांत आजूबाजूची गुरं आणि कत्तलखानेही होते, आणि नंतर पेशंटच्या सॅम्पलमधला डीएनए बघितला तर तो माणसांतला प्रकार निघाला, ज्याला आता होमिनिस म्हणतात. आपल्याकडे वेल्लोरच्या मुलांमधल्या अभ्यासांतही होमिनिसच जास्त सापडलाय, म्हणून थीसिसमध्ये "गुरांमुळे" हे आधीच गृहीत धरून बसू नका.

एक गोष्ट मात्र जपा, वासराचं वय. पार्व्हम साधारण पहिल्या महिन्यातल्या वासरांत मिळतो, दूध तुटलेल्यांत बोव्हिस आणि रायनी, मोठ्या गुरांत अँडरसोनी या क्रिप्टोच्याच दुसऱ्या स्पीशीज, आणि हे तिन्ही माणसांत जवळपास सापडत नाहीत. सहा महिन्यांची वासरं गोळा केली तर क्रिप्टो मिळेल पण तुमचा प्रश्न सुटणार नाही.

ब्लास्टोसिस्टिस सगळ्यात सोपा. पॉझिटिव्ह भरपूर, १८एसचा साधारण ६०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) ओळख पटवणारा बारकोड तुकडा, सबटाइप लगेच. माणसांत एसटी१ ते एसटी४ (एसटी म्हणजे सबटाइप) च बहुतेक, त्यात एसटी३ सगळ्यात जास्त, एसटी५ डुकरांत, एसटी६ आणि एसटी७ पक्ष्यांत, एसटी१० आणि एसटी१४ गुरांत. पण हा आजार करतो की नाही यावरच अजून वाद आहे, आणि एसटी३ सगळीकडे सापडला म्हणजे कोणाकडून कोणाला गेला हे कळत नाही. वेळ सहा महिने असेल किंवा पोल्ट्री आणि डुक्करपालन करणाऱ्यांवर काम असेल तर जरूर घ्या, नाहीतर मी घेणार नाही.

माझं मत सरळ आहे, गोठा आणि माणूस असा प्रश्न असेल तर क्रिप्टो, कुत्रं-मांजर आणि मुलं असेल तर जिआर्डिया, तोही किमान तीन जीनवर. आणि कुठलाही घेतला तरी सॅम्पल फॉर्मेलिनमध्ये ठेवू नका, त्यात डीएनए खराब होतो, ७० टक्के इथेनॉल किंवा २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेट वापरा, पण डायक्रोमेट विषारी आहे म्हणून हातमोजे घाला, आणि डीएनए वेगळा काढण्याच्या (एक्स्ट्रॅक्शनच्या) आधी ते नीट धुवून काढा. वासराचं आणि त्याच घरातल्या मुलाचं सॅम्पल एकाच आठवड्यात घ्या. मी पहिल्यांदा दोन महिन्यांच्या अंतराने घेतली होती आणि सबटाइप जुळूनसुद्धा आधी कोणाला झालं यावर एक वाक्य लिहिता आलं नाही.