मीटअप डॉट कॉम : कोल्हापूरच्या गटाला परवडतं का?

सांगली-साताऱ्याकडून अधूनमधून विचारणा होते, "तुम्ही मीटअपला पैसे कशाला भरता? व्हॉट्सॲप ग्रुपवर भागत नाही का?" मीटअप म्हणजे आपल्या गावातले आवडीच्या विषयाचे गट आणि त्यांचे कार्यक्रम जिथे सापडतात ती साइट. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी कोल्हापुरात फ्रंटएंडची, म्हणजे वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाची, फ्रीलान्स कामं करते. आम्ही चार-पाच जण मिळून महिन्यातल्या एका रविवारी वेब डेव्हलपरांची बैठक भरवतो. लॅराव्हेलवाले, रिॲक्टवाले, वर्डप्रेसवाले, वेबसाइट बांधायच्या निरनिराळ्या साधनांवर काम करणारे सगळे येतात. कॉलेजची पोरं तर असतातच.

आधी पैशाचं बघू. आमच्याकडे येणाऱ्याला फुकट, गटाची वर्गणी संयोजकाच्या डोक्यावर. ही साइट २००२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि २००५ पासून संयोजकांकडून पैसे घेते. २०१९ मध्ये येणाऱ्यांकडूनच दोन डॉलर घ्यायचा प्रयोग काही गटांवर करून बघितला, तेव्हा संयोजकांनी असा गोंधळ घातला की बस. कोडिंग फुकट शिकवणाऱ्या फ्रीकोडकॅम्प संस्थेने तर 'चॅप्टर' नावाचं स्वतःचं ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येईल असं, सॉफ्टवेअरच बांधायला घेतलं. मालकही सारखे बदलले : २०१७ मध्ये ऑफिसच्या जागा भाड्याने देणारी वीवर्क, २०२० मध्ये दुसरे गुंतवणूकदार, २०२४ पासून इटलीची ॲप कंपनी बेंडिंग स्पून्स. मालक बदलला की दरही बदलू शकतो, म्हणून मी इथे दराचा आकडा लिहीत नाही, तुम्ही वाचाल तोवर तो तोच असेल याची खात्री कोण देणार? भरण्याआधी त्या दिवशीचा दर बघा, आणि मुदत संपली की वर्गणी कार्डावरून आपोआप कापली जाते हे कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

तुमचा गट निव्वळ वर्डप्रेसचा असेल तर मात्र खिशात हात घालूच नका. वर्डप्रेसच्या अधिकृत चॅप्टर, म्हणजे स्थानिक गटांच्या, कार्यक्रमात नोंद झाली की मीटअपची वर्गणी वर्डप्रेसवालेच भरतात. अटी आहेत, पण जाचक नाहीत : प्रवेश सगळ्यांना खुला हवा, काम स्वयंसेवकांनी करायचं आणि भरवशाच्या कुठल्याही सदस्याला कार्यक्रम घेऊ द्यायचा. ही शेवटची अट तर आम्ही चॅप्टर नसतानाही उचलली. गट एकाच माणसाच्या नावावर चालला की त्याला पुण्यात नोकरी लागली की संपला. आणि कोल्हापुरातल्या चांगल्या डेव्हलपरला पुण्यात नोकरी लागतेच.

आमच्यात सगळ्या तऱ्हेचे डेव्हलपर, त्यामुळे पैसे आम्हीच भरतो. त्याच्या बदल्यात काय मिळतं? अनोळखी माणूस. व्हॉट्सॲपवर ओळखीचा ओळखीच्याला आणतो, म्हणजे फिरून त्याच दोन कॉलेजांची आणि त्याच तीन कंपन्यांची मंडळी. मीटअपवर गावाचं नाव आणि विषय निवडला की आपला गट समोर येतो. इचलकरंजीत घरी बसून परदेशी क्लायंटचं काम करणारा, बंगळुरूहून आईवडिलांकडे परत आलेली बॅकएंडची, म्हणजे सर्व्हरकडची कामं करणारी, मुलगी, ही माणसं आम्हाला कुठल्याही फॉरवर्डने सापडली नसती. पुण्याएवढी गर्दी इथे नाही, तेव्हा अशी माणसं महिन्याला एक-दोनच. पण बैठकीत बोलणारी हीच असतात.

बायकांच्या नजरेतून दोन गोष्टी सांगते, कारण पुरुष संयोजकांच्या त्या लक्षात येत नाहीत. मीटअपवर फोन नंबर सगळ्यांपुढे उघडा पडत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पडतो, आणि मग रात्री अकराला कुणाचं तरी 'हाय' येतं. दुसरं, कोण कोण येणार याचा अंदाज कार्यक्रमाच्या पानावरून येतो. त्यात आणखी चार मुली दिसल्या की पाचवी येते. सुरुवातीला मी ओळखीच्या मैत्रिणींना मुद्दाम लवकर 'येणार' दाबायला लावायची. वेळही आम्ही सकाळी अकराची ठेवली, म्हणजे उजेडात एसटी पकडून घरी जाता येतं.

साधनं चोख आहेत. जागा किती ते आकड्यात टाकलं की पुढचे आपोआप प्रतीक्षा यादीत जातात, आणि कुणी नाव काढलं की यादीतला वर सरकतो. नाव नोंदवताना प्रश्न विचारता येतो. आम्ही 'लॅपटॉप आणणार का?' विचारतो, त्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड किती लागतील ते कळतं. एकदा एका कॉलेजने परीक्षेचं कारण सांगून आदल्या संध्याकाळी हॉल नाकारला. पत्ता बदलून निरोप धाडला, तो नोंदणी केलेल्या सगळ्यांना पोचला. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲपवर फिरलेला जुना स्क्रीनशॉट होता, ते मात्र कॉलेजच्या गेटवर वॉचमनशी हुज्जत घालत होते.

आता जे मला पटत नाही ते. साध्या वर्गणीत सदस्यांचे ईमेल पत्ते संयोजकाला मिळत नाहीत. वर्गणी भरायची थांबलात तर गट चालवायची संधी दुसऱ्या सदस्यांना दिली जाते, आणि कुणीच पुढे आलं नाही तर गट बंद. म्हणजे वर्षभर माणसं तुम्ही जोडायची आणि त्यांच्याशी बोलायचं दार दुसऱ्याच्या हातात. मीटअप ही रस्त्यावरची पाटी आहे एवढंच धरून चाला. आम्ही पहिल्या बैठकीपासून दारात एक वही ठेवतो : नाव, ईमेल, कशावर काम करता. ज्याला लिहायचं नाही त्याने लिहू नये. आज उद्या मीटअप सोडायची वेळ आली तर ती वही उपयोगी पडेल.

साइटचा तोंडवळा इंग्रजी आहे, मराठी पर्याय नाही. तरी कार्यक्रमाचं शीर्षक आणि माहिती आम्ही मराठीत लिहितो. 'सीएसएस ग्रिड : मोबाइलवर का फाटतं' अशा मथळ्याला डिप्लोमाची पोरं येतात. हेच इंग्रजीत लिहिलं की त्यांना वाटतं हे आपल्यासाठी नव्हे.

आणि हो, 'येणार' दाबणारे आणि खरोखर येणारे यांचा काही संबंध नसतो. यात साइटचा दोष नाही, फुकट कार्यक्रमाचा तो धर्मच आहे. वडापाव निम्मेच सांगा, खुर्च्या मात्र पुऱ्या.

लूमा ही कार्यक्रमाची नावनोंदणी घेणारी दुसरी साइटसुद्धा वापरून बघितली. फुकट कार्यक्रमाला पैसे नाहीत, पाहुण्यांची यादी ईमेलसकट उतरवून घेता येते, दारात क्यूआर स्कॅन होतो. संयोजकाच्या सोयीचा विचार केला तर तीच उजवी. पण कोल्हापुरात तिथे आपणहून शोधत येणारा माणूस आम्हाला अजून भेटला नाही. लिंक आपणच पाठवायची, मग व्हॉट्सॲपने काय घोडं मारलंय?

पाचपैकी साडेतीन तारे. नव्या गटाने सहा महिन्यांची वर्गणी घ्यावी, दोन सहसंयोजक पहिल्याच दिवशी नेमावेत आणि प्रत्येक बैठकीत 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हे विचारून लिहून ठेवावं. मीटअप असं उत्तर देणारे हळूहळू कमी झाले तर पुढचे पैसे एक्स्टेन्शन बोर्डांवर खर्च करा. आमच्याकडे ते अजून कमी झालेले नाहीत, म्हणून या वेळीही वर्गणी भरली. फक्त आता ती पाच जणांत वाटून घेतो.